माळ्यावरची दोन खोकी

पत्र: २०१९ च्या पुरात पाणी घरात शिरणार म्हणून मुलाच्या सीडी-कॅसेटची दोन खोकी माळ्यावर टाकली. पाणी ओसरलं, खोकी तिथंच राहिली. यंदा माळा साफ करायला काढला तेव्हा ती खाली आली. मुलगा कॅनडात असतो. फोनवर म्हणाला, "आई, देऊन टाक. आता सगळं मोबाईलवर मिळतं." भंगारवाला प्लास्टिकच्या भावानं न्यायला तयार आहे. पण कॉलेजात असताना पोटाला चिमटा घेऊन जमवलेल्या या वस्तू, द्यायला जीव होत नाही. मी ६४ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. भजनी मंडळात पेटी वाजवते. इंग्रजी वाचता येतं, गाण्यातलं इंग्रजी मात्र डोक्यावरून जातं. एका सीडीवर पाण्यात पोहणारं गोंडस बाळ होतं. अंगाई असेल म्हणून लावली, तर ह्यांच्या हातातला चहा सांडला आणि शेजारच्या वहिनी काय झालं म्हणून बघायला आल्या. मुलाच्या मित्रानं 'जगातले सर्वोत्तम ५०० अल्बम' अशी यादी धाडली, ती बघूनच दमले. खोक्यातल्या ११२ नावांची यादी सोबत जोडली आहे. यातलं काय ऐकू, कुठून सुरू करू, काय ठेवू? आणि या वयात हे बरं दिसतं का?
– एक पेटीवाली, गावभाग, सांगली

ताई, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. वहिनी बघायला आल्याच होत्या, तर पुढच्या वेळी त्यांनाही बसवून घ्या. म्हणजे बरं दिसतं की वाईट, हे विचारायला कुणी बाहेर उरणारच नाही. चहा तेवढा आधी उरकत चला.

तुमची यादी मी दोन रात्री वाचत होतो. फुलस्केपची चार पानं, वळणदार अक्षर आणि प्रत्येक नावापुढे मुखपृष्ठाचं वर्णन: 'काळ्यावर त्रिकोण', 'चौघे रस्ता ओलांडताना', 'टोपीवाले म्हातारे गृहस्थ, सिगारेट ओढत गल्लीतून जाताना'. त्या वर्णनांवरूनच निम्मे अल्बम ओळखले. मुलाचा कान चांगला होता हो तुमच्या.

पाचशेची यादी मात्र फडताळात टाका. नव्या वर्गावर गेलात तेव्हा पहिल्या नंबरापासून शेवटच्यापर्यंत मुलं ओळखत बसला होता का? आधी एखादा ओळखीचा चेहरा दिसला असेल, कुणाची तरी धाकटी बहीण. इथंही तसंच करायचं. तुमच्या कानाला पेटी येते, ठेका येतो, कीर्तन येतं, हरिपूरच्या देवलांची नाट्यपदं येतात. एवढी शिदोरी पुष्कळ झाली. शब्द कळत नाहीत हे मनाला लावून घेऊ नका. मिरजेच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं ऐकायला आपण रात्र-रात्र बसतो, तेव्हा बंदिशीतले शब्द कितीसे कळतात?

एकच पथ्य सांगतो, ते पाळा. अल्बम अख्खा ऐकायचा, क्रमानं, एका बैठकीत. आपल्याला रेडिओमुळे सुटं गाणं ऐकायची सवय. अल्बम ही मैफल असते. आधी काय, नंतर काय, मध्यंतर कुठं, भैरवी कोणती, हे कुणीतरी रक्त आटवून ठरवलेलं असतं. एलपीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं मावायची, म्हणून जुने अल्बम चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत आटोपतात. कुकर लावून बसायला हरकत नाही. मुलगा म्हणतो ते खरं, मोबाईलवर सगळं मिळतं. पण फुकटातल्या काही ॲपवर गाणी उलटीसुलटी लागतात आणि मध्येच जाहिरात येते. आरतीत 'लवथवती' झाल्यावर कुणी साबणाचं नाव घ्यावं, तसं होतं ते.

तर पहिला अल्बम ते टोपीवाले गृहस्थ. 'बुएना विस्टा सोशल क्लब', १९९७. मार्च १९९६ मध्ये क्यूबातल्या हवाना शहरात हे ध्वनिमुद्रण झालं. बेत वेगळाच होता. आफ्रिकेतल्या मालीहून वादक यायचे होते, ते पोचलेच नाहीत. स्टुडिओ तर घेऊन ठेवलेला. मग राय कूडर या अमेरिकन गिटारवाल्यानं आणि त्याच्या साथीदारांनी गावातले जुने गाणारे-वाजवणारे गोळा केले. कॉम्पाय सेगुंदो ८८ वर्षांचे. पियानोवाले रुबेन गोन्झालेस ७६ चे, त्यांच्या घरी पियानोच उरलेला नव्हता. मुखपृष्ठावरचे इब्राहिम फेरेर ६९ चे. गाणं सोडून बसले होते आणि बूटपॉलिश करून चार पैसे मिळवत होते. त्यांचा आवाज ऐका. बोलेरो नावाचा संथ प्रेमगीताचा प्रकार ते गातात, तो ऐकताना मला नेहमी आपलं भावगीत आठवतं: आवाज कुठं चढवायचा नाही हे ज्याला कळलं त्याचं गाणं. मागं दोन लाकडी दांड्या एकमेकींवर टकटक वाजत असतात, तिला क्लावे म्हणतात. त्या टकटकीवर सगळा डोलारा उभा. टिपऱ्यांवर वाढलेल्या माणसाला ती पहिल्या मिनिटात सापडते. भाषा स्पॅनिश, म्हणजे इथं तुम्ही आणि मी एकाच बाकावर.

हा आठवडाभर ऐका. मग पेटी उघडा.

होय, पेटी. 'काइंड ऑफ ब्लू', माइल्स डेव्हिस, १९५९, जाझ. तुमच्या यादीत 'निळसर अंधारात तुतारीवाला' असं लिहिलंय. ती तुतारी म्हणजे ट्रम्पेट. जाझ अवघड, असं लोक म्हणतात, आणि पुष्कळदा असतंही. पण या अल्बममध्ये डेव्हिसनं कॉर्डची, म्हणजे एकत्र दाबलेल्या सुरांच्या जुडग्यांची, गर्दीच कमी केली. वादकांच्या हातात जेमतेम खाका दिला आणि म्हणाला, वाजवा. पहिल्या गाण्याचा हिशेब तुमच्या पेटीवर मांडून दाखवतो. पांढरी दोन षड्ज धरा आणि काफी थाट लावा. चार मात्रांचं एक आवर्तन, अशी सोळा आवर्तनं त्यातच फिरायचं. मग अख्खा थाट उचलून काळी दोनवर न्यायचा, आठ आवर्तनं. मग परत पांढरी दोनवर, आठ. झालं! या एवढ्या अंगणात जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन आणि बिल एव्हान्सचा पियानो काय काय खेळलेत ते ऐका. काफीचा टप्पा कानात बसलेल्या तुम्हाला हे परकं वाटलं तर मी सदर लिहायचं सोडतो.

एक गंमत. सूर पेटीशी जुळला नाही, किंचित चढा लागला, तर पेटीवाल्याला दोष देऊ नका. त्या दिवशी स्टुडिओतलं टेपयंत्र जरा संथ चाललं होतं. त्यामुळे एलपीच्या पहिल्या बाजूची तिन्ही गाणी तीस-पस्तीस वर्षं सगळ्या जगानं चढ्या सुरात ऐकली. नव्वदच्या दशकात ती दुरुस्त झाली. मुलानं जुनी प्रत घेतली की नवी, ते तुमची काळी-पांढरीच सांगेल.

आता 'काळ्यावर त्रिकोण'. पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून', १९७३, रॉक. हा मी पहिल्यांदा ऐकला तो नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर. एका बाजूला हा, आणि भरून देणाऱ्या दोस्तानं दुसऱ्या बाजूला भीमसेनजींची अभंगवाणी भरलेली. त्रेचाळीस मिनिटांचा अल्बम, पंचेचाळीस मिनिटांची बाजू, चपखल. अल्बम सुरू होतो हृदयाच्या ठोक्यांनी आणि संपतो त्याच ठोक्यांनी. मग दोन मिनिटं नुसती खरखर, खटका, कॅसेट उलटायची, की टाळ. अजूनही तो अल्बम संपला की मी टाळांची वाट बघतो.

तुमच्यासाठी यात दोन जागा. एक, निम्म्यावर एक बाई गाऊ लागते. शब्द एकही नाही, नुसता आलाप. क्लेअर टॉरी, वय पंचवीस. तिला बोलावून सांगितलं, इथं गा, शब्द नाहीत. रविवारच्या कामाचे ३० पौंड तिला मिळाले. रचनेचं श्रेय मिळायला २००५ उजाडलं, तेही कोर्टाची पायरी चढल्यावर. आवाज फुटतो, पुन्हा सावरतो, शेवटी दमून खाली बसतो. आपल्याकडं कुणी असं भरमैफलीत रडून गायलं तर लोक माना खाली घालतील. मीही पहिल्यांदा घातली होती.

इथं एलपीची पहिली बाजू संपते, तेव्हा सीडीवरही पाणी प्यायला थांबा. पुढं पैशांचा खुळखुळाट ऐकू येईल, गल्ल्याचा आवाज, कागद फाटल्याचा. ही दुसरी जागा. मांडीवर बोटं ठेवून मोजा. चार येणार नाहीत. सात येतील. रूपकच की हा! टेपचे मोजून सारख्या लांबीचे तुकडे कापून ते आवाज मात्रांवर बसवलेत. मध्ये गिटार सुटते तेव्हा गाडी चारांत शिरते आणि पुन्हा सातांत येते. मंडळातल्या तबलजींना बोलावून हे गाणं लावा आणि काही सांगू नका. समेवर त्यांचं तोंड बघा.

मोजण्यातच मजा येऊ लागली तर खोक्यात डेव्ह ब्रूबेकचा 'टाइम आउट' आहे, तोही १९५९ चाच. त्याची चौकडी १९५८ मध्ये सरकारी दौऱ्यावर तुर्कस्तान आणि भारत करत फिरली. इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून त्यानं नऊ मात्रांचा ठेका उचलला, दोन-दोन-दोन-तीन असा. अल्बमची सुरुवातच त्यानं होते. पाच मात्रांचं गाणंही त्यातच.

कीर्तनाच्या वाटेनं जायचं तर अरिथा फ्रँकलिनचा 'अमेझिंग ग्रेस', १९७२. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधलं गाणं, ज्याला गॉस्पेल म्हणतात. लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये जानेवारीत दोन रात्री हे गाणं झालं आणि तिथंच ध्वनिमुद्रित केलं. अरिथाचे वडील प्रवचनकार, दुसऱ्या रात्री ते स्वतः हजर होते. बाई गाते, मागचा वृंद उचलून धरतो, समोरची मंडळी मध्येच 'हो, हो' म्हणतात, टाळ्या धरतात. बुवांनी ओवी सोडावी आणि टाळकऱ्यांनी झेलावी, तेच. मुख्य भजन दहा मिनिटांच्या वर चालतं, आणि त्यात ती एकेका अक्षराला किती वेळ घोळवते! ठेका जवळजवळ सुटलेलाच. हा अल्बम एकादशीला लावलात तरी मी काही म्हणणार नाही.

यादीत ६१ व्या क्रमांकावर 'बाकावर कोरलेला मुलीचा चेहरा' लिहिलंय. तो शाळेचाच बाक आहे, ताई. 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल', १९९८. सुरुवातीला शाळेची घंटा होते. मास्तर हजेरी घेतात. एकेक मूल 'हजर' म्हणतं. लॉरिन हिलचं नाव पुकारलं जातं, पुन्हा पुकारलं जातं, उत्तर नाही. मुलगी शाळेत आलेलीच नाही. मग गाणी सुरू होतात, आणि गाण्यांच्या मध्ये पुन्हा तो वर्ग: मास्तर मुलांना विचारताहेत, प्रेम म्हणजे काय, आणि पोरं धडाधड उत्तरं देताहेत. तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला हा आवाज कळायला इंग्रजी लागणार नाही. ते मास्तर, रास बराका, पुढं न्यूअर्क शहराचे महापौर झाले.

हा हिप-हॉप, म्हणजे ज्यात रॅप असतं तो प्रकार. रॅपला गाणं म्हणायचं का, असा वाद सांगलीत तरी कुणी घालू नये. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात अण्णा भाऊ जन्मले. डफाच्या एका ठेक्यावर गिरणीतला माणूस, चाळीतली भूक, निवडणूक, सगळं धाडधाड बोलून दाखवायची रीत आपल्याला शाहिरांनी शिकवली आहे. लॉरिन मात्र बोलतेही आणि गातेही, म्हणून तुम्हाला तीच आधी सुचवतो. यात एक गाणं तिनं तिच्या मुलासाठी केलंय. मूल नको, गाण्याची कारकीर्द बघ, असं सांगणारे भवताली होते, आणि तिनं मूल ठेवलं. गिटार कार्लोस सांतानाची. ते लागेल तेव्हा मुलाला फोन करा वगैरे मी सांगत नाही. कॅनडात त्या वेळी रात्र असेल.

काही झटपट. 'चौघे रस्ता ओलांडताना' हा बीटल्सचा 'ॲबी रोड', १९६९. नवव्या गाण्यापासून पुढं अर्धवट राहिलेल्या तुकड्यांची गोधडी शिवली आहे, एकाला लागून दुसरं. संपलं म्हणून उठाल, तोच २३ सेकंदांचं एक पिल्लू बाहेर येतं. मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर', १९८२, हा बसून ऐकायचा नाही, पोळ्या लाटताना लावायचा. बॉब मार्लीचा 'एक्झोडस', १९७७, रेगे. आपण समेवर वजन देतो. रेगेच्या पुष्कळ गाण्यांत ड्रमवाला तिथंच हात उचलतो आणि वजन पुढं टाकतो. पहिले दोन दिवस जिन्याची पायरी चुकल्यासारखं होईल.

तुम्ही लिहिलंय, एका इंग्रजी गाण्यात 'आशा, आशा' असं ऐकू आलं, की मलाच भास झाला? भास नाही. इंग्लंडमधल्या कॉर्नरशॉप या बँडचं १९९७ चं गाणं आहे ते आणि त्यातल्या आशा म्हणजे आपल्या आशाताई भोसलेच. जन्म सांगलीचा! त्यांच्या तबकड्यांवरच्या प्रेमाचं हे गाणं, आणि १९९८ मध्ये त्याची नवी आवृत्ती इंग्लंडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. ही सीडी भंगारात गेली असती तर गावभागाला तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

आता तुमच्या चहावर येऊ. कर्कश गिटारचं काय करायचं?

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एका दुपारी मी तंबोऱ्याची जवारी काढताना बघत बसलो होतो. कारागीर घोडीवरून कानस फिरवतो, एक-दोनदाच. तार छेडतो. मान हलवतो. पुन्हा कानस. तारेखाली सुताचा धागा सरकवतो, पुन्हा छेडतो. तासभर हेच. एका क्षणी ती बद्द तार भुंग्यासारखी गुणगुणायला लागली. तार घोडीच्या उतारावर किंचित घासते, म्हणून एका सुराचे पोटसूर उमटतात. रॉकवाले हेच वीज वापरून करतात. आवाज ॲम्प्लिफायरला झेपणार नाही इतका चढवायचा, म्हणजे लाटेची टोकं छाटली जातात आणि पोटसुरांचा थवा उठतो. जवारीच ती. फक्त कानस जरा जास्त लागली.

या नजरेनं ब्लॅक सबाथचा 'पॅरानॉइड' ऐका, १९७०. हेवी मेटलच्या मुळाशी असलेला अल्बम. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून दोन बोटांची टोकं गेली, तीही तारा दाबायच्या हाताची. कारखान्यातल्या वरिष्ठानं त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. तो थोर गिटारवादक दोनच बोटांनी वाजवायचा. मग आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर कातडं लावलं, तारा हलक्या घातल्या. माधवनगरच्या किंवा मिरज एमआयडीसीतल्या कुठल्याही फिटरला हा माणूस आपला वाटेल. ह्यांना ही गोष्ट आधी सांगा, मग सीडी लावा. चहा सांडणार नाही.

ते पाण्यातलं बाळ म्हणजे निर्वाणा बँडचा 'नेव्हरमाइंड', १९९१. तो शेवटी ठेवा, आणि उलटा चढा: आधी शेवटचं नोंदलेलं गाणं, जवळजवळ पुटपुटल्यासारखं, मागं चेलो. तिथून एकेक पायरी वर. अख्खा, क्रमानं, हे पथ्य मीच घातलं होतं. या एकासाठी मोडतो.

आता खोक्यांचं. सीडी प्लेअर बिघडला असेल तर टीव्हीखालचा जुना डीव्हीडी प्लेअर चालतो. सीडी पुसायची ती मऊ सुती कापडानं, मधून कडेकडे सरळ. गोल गोल नाही. छापील बाजूला जपा, चकचकीत थर तिच्याच लगेच खाली असतो. कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका, हेड खराब होईल आणि बाकीच्या कॅसेटलाही लागेल. अशा भंगारवाल्याला खुशाल द्या. 'बेस्ट ऑफ', 'गोल्डन हिट्स' असली नावं असलेल्याही द्या. तुमच्या यादीत त्या २९ आहेत, मी खूण केली आहे.

९७ ते १०३ या सातांना मात्र हात लावू देऊ नका. तुम्ही नुसतं 'कोऱ्या पांढऱ्या, पेननं लिहिलेल्या' म्हटलंय, आणि एकीपुढे 'गणपती २००६, त्याचं अक्षर'. या घरी भरलेल्या सीडी. दुकानातल्या सीडीसारख्या त्या टिकत नाहीत, आतला रंगाचा थर उतरत जातो. सगळ्यात आधी ही लावा, क्यूबाच्याही आधी. वाजली तर त्याच दिवशी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. २००६ च्या गणपतीत तुमच्या घरी पेटी कोण वाजवत होतं?